बोटभर आखूड

मिस्त्रीच्या घरातले पडदे आखूड होते. एखाददुसरा नव्हे, झाडून सगळे. प्रत्येक खिडकीत खालून बोटभर उजेड आत यायचा, आणि सकाळी तो नेमका झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर पडायचा. वीस वर्षांत तीनदा पडदे बदलले, तिन्ही वेळा तेच. मिस्त्रीच्या बायकोनं त्याचं खापर कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या डोक्यावर फोडलं होतं. त्याच्या दुकानावरून जाताना ती मान दुसरीकडे वळवायची. शिंपी बिचारा काकुळतीला येऊन सांगायचा, "वहिनी, चिठ्ठीवर लिहिलं होतं तेवढंच कापलंय." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "चिठ्ठी आमच्या ह्यांनी लिहिली होती. ह्यांचं माप चुकायचं नाही."

आणि तिचा हा गर्व अगदीच फुकाचा नव्हता. मिस्त्री पॅटर्नमेकर होता, म्हणजे लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करणारा माणूस. तो नमुना वाळूत दाबायचा, अलगद उचलून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. नमुना बरोबर तर लोखंड बरोबर. एकतीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. हात शांत, नजर करडी, आणि एप्रनच्या खिशात स्टीलची पट्टी. पट्टीवरचे आकडे एका बाजूनं अंगठ्यानं पुसट झाले होते.

मग कारखान्यात नवं मशीन आलं. आता नमुना हातानं करायचा नव्हता. कॉम्प्युटरवर वस्तू आधी चित्रात उभी करायची, ते मशीनला द्यायचं, आणि मशीन पिवळ्या ठोकळ्यातून नमुना कोरून काढणार. लाकडाची खोली रिकामी झाली. रंधे, पटाशा, चामड्याच्या पट्ट्या, मेणाचे गोळे सगळं पेट्यांत गेलं, आणि साहेबांनी मिस्त्रीला केबिनमध्ये बोलावलं.

"हे बघा मिस्त्री, मी आडपडदा ठेवत नाही," साहेब म्हणाले. "पंधरा दिवस देतो. कॉम्प्युटरवर एक काम पूर्ण करून दाखवा. जमलं तर डिझाइनला बसा. नाही जमलं तर स्टोअर आहेच."

स्टोअर म्हणजे हातमोजे मोजायचे आणि नटबोल्टांच्या पुड्या वाटायच्या. त्यात वाईट काही नव्हतं, पण मिस्त्रीला त्या नुसत्या कल्पनेनंच गुदमरायला झालं. त्रेपन्नाव्या वर्षी त्याला कुणी सांगत होतं की तुझ्या डोक्यात जे आहे ते आता कुणाला नको. ते त्याला पटलं नाही, आणि पटवून घ्यायचंही नव्हतं.

"काम कुठलं?" त्यानं विचारलं.

काम होतं एका मोडलेल्या ब्रॅकेटचं. गावाला पाणी देणाऱ्या दोन पंपांपैकी एकाचं बेअरिंग त्या ब्रॅकेटवर बसायचं. मशीन जुनं, बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, नकाशा कुणाकडे नाही. मोडलेले दोन तुकडे टेबलावर ठेवलेले होते. त्यांच्यावरून मापं घ्यायची, मॉडेल करायचं आणि नवीन ओतायचं. तोवर सगळं गाव एका पंपावर.

डिझाइनच्या खोलीत मिस्त्रीला मॅडमच्या शेजारची खुर्ची मिळाली. मॅडम चाळिशीच्या, शांत, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्या त्याला काका म्हणायच्या, तो त्यांना मॅडम म्हणायचा, आणि पहिले तीन दिवस दोघंही एकमेकांना मनातल्या मनात आणखी काहीतरी म्हणत होते. माउस मिस्त्रीच्या हातात पटाशीसारखा पकडला जायचा. तो टेबलाच्या कडेपर्यंत जायचा आणि मिस्त्री तो उचलून परत आणायचा, पुढे जायला जागा नाही म्हणून. एकदा त्यानं सगळं ब्रॅकेट असं काही फिरवलं की ते पडद्यावरून दिसेनासंच झालं.

"गेलं कुठं?"

"आहे काका. तुम्ही त्याच्या पोटात शिरलायत."

पण तो उठला नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा आणि जेवायच्या सुट्टीत एका हातानं जेवून दुसऱ्या हातानं रेघा मारायचा. मापं कागदावर नव्हे, रंधलेल्या फळीच्या तुकड्यावर लिहायचा, सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं, जशी कायम लिहीत आला होता तशी. मोडके तुकडे त्यानं जोडून ठेवले आणि खिशातली पट्टी काढून एकेक माप उतरवलं. तळपाटाच्या दोन टोकांना असलेल्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर त्यानं लिहिलं तीनशे शहाण्णव मिलिमीटर.

"तीनशे शहाण्णव?" मॅडमनी भुवया उंचावल्या. "असला आकडा कोण घेतं, काका? सरळ चारशे नसेल?"

"जुनं मशीन आहे, त्यांचे हिशेब वेगळे," मिस्त्री म्हणाला. आणि मग जरा ताठ होऊन, "पट्टी माझी आहे मॅडम. ती खोटं बोलत नाही."

खरी लढाई रिबांची होती. ब्रॅकेटला खाली आडवा तळपाट आणि त्यावर उभी भिंत. भिंतीच्या वरच्या अंगाला बेअरिंगचं मोठं भोक. ती भिंत भारानं मागे कलू नये म्हणून पाठीमागून तिला चार पातळ तिकोनी आधार दिलेले असतात, त्याच ह्या रिबा. जुनं ब्रॅकेट मोडलं होतं ते नेमकं रिब आणि भिंत जिथं मिळतात तिथंच.

साहेब एक दिवस मागे येऊन उभे राहिले. "रिबा चांगल्या जाड घ्या. वीसच्या घ्या. पुन्हा मोडायला नको."

मिस्त्रीनं मोडका तुकडा उचलला आणि त्यांच्यासमोर धरला. मोडलेल्या जागी, मधोमध, ज्वारीच्या दाण्याएवढी खडबडीत पोकळी होती.

"जाड होत्या म्हणूनच मोडलंय साहेब. भिंत चौदाची आणि रिब अठराची. जिथं जाडी जास्त तिथं लोखंड शेवटी थिजतं. थिजताना आकसतं, आणि ओढून घ्यायला आजूबाजूला रस उरलेला नसतो म्हणून आतल्या आत फाटतं. रिब भिंतीपेक्षा बारीकच पाहिजे. आठची. मुळाशी गोलाई द्यायची, आणि वर निमुळती."

साहेबांनी पोकळीत नख घालून पाहिलं. "आठची," ते म्हणाले आणि गेले. मिस्त्रीला इतकं बरं वाटलं की तो मॅडमकडे बघून चक्क हसला.

आठची ठरली, पण कॉम्प्युटर ती काढू देईना. मिस्त्री लाकडात रिब करायचा तशीच इथं करायला गेला, म्हणजे तिन्ही बाजू मोजून एक तिकोनी फळी कापायची आणि जागेवर चिकटवायची. कॉम्प्युटरमधल्या रिबेच्या आज्ञेनं ते साफ नाकारलं. पडद्यावर लाल खूण यायची. त्यानं बारा वेळा केलं, बारा वेळा लाल. तेराव्यांदा त्यानं ती आज्ञाच सोडली, तिन्ही बाजूंना आकडे ठोकून तिकोन काढला, त्याला जाडी दिली आणि रिब उभी केली. विजय झाला म्हणून त्यानं चहा मागवला.

"झाली, पण ही फळी झाली काका," मॅडम म्हणाल्या. "इथं तुम्ही फक्त वरची तिरकी रेघ मारायची. एकच. दोन्ही टोकं मोकळी सोडायची. भिंत कुठं आहे, तळ कुठं आहे ते तिचं ती शोधते आणि जाऊन भिडते."

"मोकळी सोडायची? माप न देता?"

"भिंत आहे ना. तीच माप."

मिस्त्रीला हे मुळीच आवडलं नाही. ज्याच्या टोकाला माप नाही अशी रेघ त्यानं जन्मात मारली नव्हती. तरी त्यानं दुसऱ्या रिबेला मारून पाहिली. रेघ हवेत लोंबत होती. त्यानं बटण दाबलं, आणि रिब सरसर भरत जाऊन भिंतीला, तळाला भिडली. त्यानं खुर्ची पडद्याजवळ ओढली. तिसरी आणि चौथी त्यानं तशीच केली. पहिली मात्र बदलली नाही.

"ती राहू दे मॅडम. पहिली आहे माझी."

मॅडमनी हट्ट धरला नाही. मुळाची गोलाई देताना त्याला चामड्याची पट्टी कोपऱ्यात दाबून बसवल्याची आठवण झाली, आणि इथं ती गोलाई एका बोटात आली याचा राग येण्याऐवजी त्याला मजा वाटली. तेराव्या दिवशी मॉडेल पूर्ण झालं. सगळ्यात शेवटी मॅडमनी लोखंड थिजताना आकसतं म्हणून पूर्ण मॉडेल एक टक्क्यानं मोठं केलं, साहेबांनी सही केली, आणि ठरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या पाळीला मशीन नमुना कोरायला घेईल. मिस्त्री घरी आला तो शीळ घालत. बायको म्हणाली, "अहो, कुणी पाहिलं तर म्हणेल लग्न ठरलं."

त्याच संध्याकाळी मुलगी दोन दिवसांसाठी आली होती. नव्या नोकरीसाठी तिची वैद्यकीय तपासणी झाली होती. सकाळी चहाच्या वेळी ती कागद चाळत बसली होती आणि मिस्त्री तिच्यासमोर पायांत बूट चढवत होता.

"बाबा, मी ह्या वयात वाढले," ती म्हणाली. "एकशे साडेसत्तावन्न लिहिलंय. आपल्या दारावर तर एकशे छप्पन्न आहे."

आतल्या दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या खुणा होत्या, चौथ्या वर्षापासून विसाव्यापर्यंत, चपट्या पेन्सिलीच्या. मिस्त्री हसला.

"ती फौंड्रीची पट्टी गं. कारखान्यानं टाकून दिलेली मीटरची. पॅटर्नची पट्टी साध्या पट्टीपेक्षा टक्काभर लांब असते, लोखंड आकसतं म्हणून. आम्ही नमुना मुळातच तेवढा मोठा करतो. तिच्यानं साधी वस्तू मोजली की ती टक्काभर लहान भरते. आपल्या घरातली सगळीच माणसं थोडी..."

बुटकी, असं तो म्हणणार होता. शब्द तोंडातच राहिला. एका पायात बूट, दुसरा हातात, आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

एप्रनच्या खिशातली पट्टीही पॅटर्नचीच होती. दुसरी कुठली असणार? एकतीस वर्षं त्याच्या खिशात दुसरी पट्टी कधी गेलीच नव्हती. आणि एकतीस वर्षं त्यानं फक्त लाकूड मोजलं होतं. ओतून आलेलं लोखंड मोजायचे तपासणी खात्यातले लोक, त्यांच्या पट्ट्यांनी. मोडकं ब्रॅकेट हे त्यानं आयुष्यात मोजलेलं पहिलं लोखंड होतं. तीनशे शहाण्णव. चारशेच होतं ते. मॅडमनी वाढवलेला टक्का आकसण्यातच जाणार, आणि नवं लोखंड तीनशे शहाण्णवच भरणार. मॅडम म्हणाल्या होत्या, आणि त्यानं छाती काढून सांगितलं होतं की पट्टी खोटं बोलत नाही. पट्टी खोटं बोललीच नव्हती. तिला जे विचारायचं नाही ते त्यानं विचारलं होतं.

घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

"अहो, चहा!" बायको ओरडली, पण सायकल फाटकाबाहेर गेली होती.

रस्ताभर त्याच्या मनात एक आवाज बोलत होता, आणि तो काही फार सज्जन आवाज नव्हता. गप्प बस, तो म्हणत होता. नमुना निघू दे, लोखंड ओतू दे. पंपावर ते बसलं नाही की कुणीही म्हणेल जुना तुकडा वाकला होता, तुटताना ताणला गेला होता. तोवर तुझी खुर्ची पक्की झालेली असेल. आज बोललास तर आजच स्टोअर. मिस्त्रीनं पाय आणखी जोरात मारले. चार भोकं आणि चार बोल्ट, आणि एकही बोल्ट आत जात नाही, हे त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. आपल्या हातचं काम असं निघालेलं तो बघू शकला नसता.

मशीन चालू होतं. काचेआड पिवळा भुसा उडत होता आणि तळपाटाचा आकार निम्मा उघडा झाला होता. ऑपरेटर हातात चहाचा कप घेऊन उभा होता. मिस्त्रीनं त्या मशीनला आजवर बोट लावलं नव्हतं. त्यानं सरळ जाऊन लाल बटणावर तळहात मारला.

"ओ मिस्त्री! डोकं फिरलं का?"

"फिरलं होतं. आता जागेवर आलंय. साहेबांना बोलव."

साहेब आले, मॅडम आल्या. मिस्त्रीनं खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली, शेजारी तपासणी खात्यातली साधी पट्टी ठेवली. शून्याला शून्य लावलं. दुसऱ्या टोकाला, सहाशेच्या खुणेशी, सहा मिलिमीटरचा फरक होता.

"हिनं लोखंड मोजलं मी," तो म्हणाला. "चूक माझी आहे. मॅडमनी विचारलं होतं, मीच ऐकलं नाही. ठोकळा वाया गेला तोही माझ्यामुळे."

साहेबांनी दोन्ही पट्ट्या उचलून पुन्हा जुळवून पाहिल्या. त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती. "सोमवारी पंप चालू करायचाय मिस्त्री. एकतीस वर्षांचा माणूस आणि..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मॅडम, सरसकट आणखी एक टक्का वाढवा आणि द्या मशीनला. पाच मिनिटांचं काम आहे."

मॅडमचा हात माउसवर गेला. खरंच पाच मिनिटांचं काम होतं. चूक कुणाला दिसलीसुद्धा नसती.

"नको," मिस्त्री म्हणाला.

"काय नको?"

"सगळीच मापं पट्टीची नाहीत साहेब. बेअरिंगचं भोक पुस्तकातून घेतलंय, ते बरोबर आहे. रिबांची जाडी माझ्या डोक्यातली, तीही बरोबर. बरोबर होतं तेही वाढवून बिघडवायचं? आणि मॉडेलमध्ये तीनशे शहाण्णव तसंच राहील. पाच वर्षांनी कुणी उघडलं तर त्याला काय कळणार? चुकलेला आकडा मी टाकलाय, मीच काढतो. दुपारपर्यंत द्या."

"आणि दुपारपर्यंत नाही झालं तर?"

"तर मी आपणहून स्टोअरला जातो. ही खुर्ची मागायलाही येणार नाही."

साहेबांनी खुर्ची ओढली आणि त्याच्या मागे बसले. हे मिस्त्रीला अपेक्षित नव्हतं. त्यानं फळीचा तुकडा समोर उभा केला आणि साधी पट्टी हातात घेतली. मॅडमनी स्वतःची खुर्ची मागे सरकवली आणि हात मांडीवर ठेवले.

फळीवर सव्वीस आकडे होते. पुस्तकातले आणि डोक्यातले नऊ सोडून दिले. उरलेल्या सतरांचं माप त्यानं मोडक्या तुकड्यावर पुन्हा घेतलं, नुसता हिशेब करून नव्हे, आणि एकेक करून बदललं. चारशे. दोनशे पन्नास. एकशे ऐंशी. किती गोल आकडे होते, आणि त्यानं किती वेडेवाकडे लिहून ठेवले होते! प्रत्येक बदलाबरोबर पडद्यावरचं ब्रॅकेट किंचित हलायचं. भिंत पुढे सरकली, वर उचलली गेली, आणि तीन रिबा तिच्यामागोमाग गेल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. रेघ मोकळी होती म्हणून त्या नव्या भिंतीला आपणहून जाऊन भिडल्या. लाकडात हेच करायचं तर मिस्त्रीला तिन्ही रिबा ठोकून काढाव्या लागल्या असत्या.

उरलेली एक तिथंच उभी होती. पहिली, त्याची लाडकी, तिन्ही बाजूंना आकडे ठोकलेली. भिंत तिला सोडून गेली होती आणि मध्ये दीड मिलिमीटरची फट पडली होती.

साहेब पुढे वाकले. "ही का राहिली?"

"ती माझ्यासारखी आहे साहेब," मिस्त्री म्हणाला, आणि ती पुसून टाकली.

मग त्यानं एक रेघ मारली. तिरकी, दोन्ही टोकं हवेत सोडलेली. रेघ सरळ आली. जाडी आठ, मुळाशी गोलाई, वर निमुळती. बटण दाबलं. रिब भरत गेली आणि भिंतीला टेकली. साडेअकरा वाजले होते. साहेब उठले, खुर्ची जागेवर सरकवली आणि ऑपरेटरला म्हणाले, "नवा ठोकळा लाव." खुर्चीचं मात्र अजून ठरलं नव्हतं.

शनिवारी ब्रॅकेट ओतलं गेलं, रविवारी मशीनवर घासून झालं, आणि सोमवारी पंपघरात चार बोल्ट एकामागून एक नुसत्या स्वतःच्या वजनानं भोकांत उतरले. मिस्त्री तिथं उभा होता. चौथा बोल्ट उतरला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी हात पुसले आणि जाता जाता म्हणाले, "मिस्त्री, उद्या एका पंख्याचं कवच येतंय. मोजायला साधी पट्टी न्या." म्हणजे खुर्ची राहिली. मॅडम हसल्या, आणि मिस्त्रीला डोळ्यांत भुसा गेला नव्हता तरी डोळे पुसावे लागले.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं, पट्टीपासून बोल्टापर्यंत. ती कौतुकानं ऐकत होती. अर्ध्यावर तिचा चेहरा बदलला. तिनं खिडकीकडे पाहिलं, पडद्याखालच्या बोटभर उजेडाकडे, मग दाराच्या चौकटीवरच्या खुणांकडे, मग नवऱ्याकडे.

"अहो. पडदे कुठल्या पट्टीनं मापले होते?"

मिस्त्रीनं दाराआडच्या मीटरच्या पट्टीकडे बोट दाखवलं.

"वीस वर्षं मी त्या माणसाशी बोलत नाहीये!"

मिस्त्रीनं उठून पुन्हा बूट घातले. साहेबांसमोर उभं राहणं सोपं गेलं होतं, हे त्याला आत्ता कळलं. शिंप्याचं दुकान सातला बंद व्हायचं आणि पावणेसात झाले होते.

"चल," तो म्हणाला. "मी बोलतो. तू फक्त मान सरळ ठेव."